तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिस हिंजवडीला, मग घर निगडीला का?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी पाठवून द्यायला बरं. ऑफिसातले विचारतात, कोल्हापूरचे नातेवाईक विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ती नुकती पुण्यात नोकरी लागलेली पोरं, ज्यांच्या घरचे रोज फोनवर सांगतायत की भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता भर. तुझं ऑफिस हिंजवडी फेज दोनला, मग घर निगडी प्राधिकरणात कशाला, वाकडला नाहीतर मारुंजीला घेतलं असतंस तर दहा मिनिटात घरी, असं ते असतं. (दहा मिनिटात घरी हे ज्यानं संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीचा शिवाजी चौक बघितलेला नाही तोच म्हणू शकतो, पण ते असो.)

तर सरळ उत्तर असं की घर माझ्या नोकरीकडं बघून घेतलंच नाही, नवऱ्याच्या नोकरीकडं बघून घेतलं. तो चाकण एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, शिफ्ट ड्युटी, आणि मशीन बंद पडली की रात्री दोन वाजता पण फोन. माझं काम लॅपटॉपवर. आता यातलं हलणारं कोण ते बघा. माझ्या कंपनीनं एक मेल टाकला की पुढच्या महिन्यापासून अमुक टीम खराडीला, संपलं. माझ्याच टीममधल्या एकीनं ऑफिसच्या मागं मारुंजीत फ्लॅट घेतला होता, गॅलरीतून बिल्डिंग दिसायची म्हणे, आणि पझेशन मिळून वर्ष व्हायच्या आत तिचा प्रोजेक्ट खराडीला गेला. आता ती रोज सगळं पुणं ओलांडून जाते. फ्लॅट भाड्यानं देऊन तिकडं भाड्यानं राहावं तर पोरगीची शाळा इकडं. चाकणचा कारखाना असा हलत नाही हो, तिथं प्रेस जमिनीत काँक्रीट भरून बसवलेत. तो माणूस नोकरी बदलेल तरी चाकण, तळेगाव, भोसरी याच पट्ट्यात बदलेल, कारण त्याचं काम तिथंच आहे.

यावर एका मैत्रिणीनं लगेच ऐकवलं, म्हणजे शेवटी ऍडजस्ट बाईनंच करायचं. नाही गं बाई. मी प्लँटमध्ये असते आणि तो आयटीत असता तर हेच उलटं केलं असतं. घरात ज्याची जागा ठरलेली आहे त्याच्याजवळ घर, ज्याची वाऱ्यावर आहे त्यानं प्रवास करावा, एवढाच हिशोब. आणि मला आठवड्यातून तीनच दिवस जावं लागतं, त्याला सहा.

चाकणवरनं आठवलं, एका मामांनी फार आपुलकीनं सांगितलं होतं की जावईबापूंची कंपनी म्हाळुंग्याला आहे ना, मग बालेवाडीजवळ म्हाळुंग्यात मस्त टॉवर झालेत तिथं घ्या की. आता पुण्यात म्हाळुंगे दोन आहेत, एक बालेवाडीला लागून आणि एक चाकणचं, महाळुंगे इंगळे, आणि दोघांच्या मध्ये अख्खं पिंपरी-चिंचवड आहे. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी नुसतं नाव ऐकून काही ठरवू नका, नकाशा उघडा.

नकाशावर आम्ही दोन टोकं धरली, हिंजवडी आणि चाकण, आणि मधलं काय पडतं ते बघितलं. निगडीहून त्याला तळवडे मार्गे जाता येतं, नाहीतर स्पाईन रोडनं मोशीला निघून नाशिक हायवे. मला रावेतच्या बास्केट ब्रिजवरून पुनावळे, ताथवडे, मग भूमकर चौक. भूमकर चौकाबद्दल मी काही चांगलं बोलणार नाही. पण एक गोष्ट सांगते, आम्ही वाकडला भाड्यानं राहायचो तेव्हा पण मला तोच चौक लागायचा, फक्त अंतर कमी होतं. अंतर आणि वेळ यांचा हिंजवडीत फारसा संबंध नाही. घर बघायला तुम्ही रविवारी दुपारी जाता, एजंट पण रविवारीच बोलावतो, रस्ता मोकळा असतो, आणि हिंजवडी बारा मिनिटं हे त्याचं बोलणं तेवढ्यापुरतं खरंच निघतं. मंगळवारी सकाळी नऊला त्याच गेटपासून निघून बघा. आणि भर पावसात एकदा बघा, पुनावळे-ताथवड्याच्या बाजूला हायवेखालून जे भुयारी रस्ते जातात त्यात पाणी साचलं की सगळी ट्रॅफिक एकाच वाटेला लागते.

मेट्रो येणार म्हणून घ्या, हे दुसरं. हिंजवडीजवळच्या माण गावापासून शिवाजीनगरपर्यंतच्या लाईनचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ ला झालं, तेवीस किलोमीटर, तेवीस स्टेशनं, आणि आम्ही २०२३ मध्ये घरं बघत होतो तेव्हा खांब उभे होते आणि प्रत्येक सेल्स ऑफिसच्या भिंतीवर गाडी धावत होती. मेट्रो येणार नाही असं मी म्हणत नव्हते, आल्यावर चांगलंच. पण जी गोष्ट तेव्हा नव्हती तिचे पैसे तेव्हाच रेटमध्ये का भरायचे.

आता पाणी, कारण खरं घर पाण्यावर ठरलं. हिंजवडी, माण, मारुंजी या भागात आम्ही बघत होतो तेव्हा ग्रामपंचायतच होती, महापालिका नाही. बाजूची सूस, म्हाळुंगे, बावधन ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तेवीस गावं एकदम घेतली तेव्हा, पण गाव हद्दीत आलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही, पाईपलाईन, टाक्या यांना वर्षं लागतात आणि तोवर टँकर. एजंटला विचारलं की तो म्हणणार पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही मॅडम. एजंटला विचारूच नका. वॉचमनला विचारा, तेही एप्रिल-मे मध्ये. मी एका सोसायटीत दुपारी गेले, गेटवर एक टँकर खाली होत होता आणि मागं दुसरा उभा होता, वॉचमनदादांच्या टेबलावर वही, त्यात टँकरचा नंबर, वेळ आणि सही. म्हटलं दादा दिवसाला किती येतात, त्यांनी काही न बोलता वहीचं पान माझ्याकडं फिरवलं. पान भरलेलं होतं. तारीख एकच होती. त्या सोसायटीचा मेंटेनन्स एवढा का होता ते तिथं कळलं, स्विमिंग पूलमुळं नव्हता.

पिंपरी-चिंचवडात तरी कुठं गंगा वाहतेय म्हणाल, तर बरोबर आहे, २०१९ च्या शेवटापासून इथं दिवसाआड पाणी आहे आणि निगडीत पण दिवसाआडच येतं. फरक असा की ते पवना धरणाचं पाणी आहे, नळानं येतं, आणि टाकी मोठी असली की भागतं. दिवसाआड नळ आणि रोज टँकर यात मला नळ परवडला.

पाण्याचा दुसरा भाग कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. माझं माहेर शाहूपुरीत. आमच्याकडं पावसाळ्यात सकाळी चहाबरोबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ फूट इशारा, ४३ धोका, आणि ४१ झाली की आई खालच्या कपाटातले कपडे वर टाकायला लागते. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा बघितलंय. त्यामुळं एका एजंटनं जेव्हा पडदा सरकवून, मॅडम रिव्हर व्ह्यू, याचे वेगळे तीन लाख आहेत, असं सांगितलं तेव्हा नवरा नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी विचारलं पूररेषा कुठून जाते. एजंट म्हणाला इथं पाणी येत नाही. अहो येत नाही ते ठीक, रेषा कुठून जाते? निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या, विकास आराखड्याच्या नकाशावर बघायला मिळते, बघून घ्या. चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात पवनेचं पाणी शिरल्याचे फोटो दर एक-दोन वर्षांनी येतातच, आणि जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांच्या पार्किंगमध्ये खडकवासल्यातून सोडलेलं पाणी घुसलं तेव्हा तो रिव्हर व्ह्यूवाला मला परत आठवला. पुण्यातल्या नद्या वर्षभर गटारासारख्या पडून असतात म्हणून लोक फसतात. वर धरणं आहेत हे कोणी धरतच नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण इथं बऱ्याच पोरांचा हिशोब चुकतो. समजा ८० लाखाचा फ्लॅट, बांधकाम चालू असलेला. बँक ८० टक्क्यापर्यंत देते, म्हणजे ६४ लाख, १६ तुमचे. हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्टॅम्प ड्युटी महापालिका हद्दीत मेट्रोचा सेस वगैरे धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, हे दोन्ही बँक घराच्या किमतीत धरत नाही, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नसेल तर जीएसटी ५ टक्के, ४ लाख. झाले २६ लाखाच्या आसपास, आणि अजून घरात पंखा पण लावलेला नाही. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, ८० हजार वाचतात, जॉइंट नावावर मिळत नाही. यावरनं कुणाच्या घरात भांडण झालं तर मी जबाबदार नाही. रेरा नंबर (प्रोजेक्टचा सरकारी नोंदणी नंबर) महारेराच्या साईटवर टाकून पझेशनची तारीख आणि केसेस बघा, ऍग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यापेक्षा जास्त मागत असेल तर तिथंच थांबा. एवढं पुरे, बाकी वकील सांगतो.

आम्ही रिसेल घेतला. जीएसटीचा प्रश्नच आला नाही, आणि शेजारी कोण आहे ते आधीच दिसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्राधिकरणातली तीन मजली बिल्डिंग, नव्वदच्या दशकातली, लिफ्ट नाही, बाथरूममध्ये पिस्ता कलरच्या टाईल्स. विकणारे काका कंपनीतून रिटायर झालेले, मुलाकडं बंगलोरला चालले होते. बाकी ठिकाणी आम्हाला ब्रोशर मिळालं, इथं काकांनी फाईल काढली. पहिलं लीज डीड, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), वर्षावर्षाच्या टॅक्सच्या पावत्या, सगळं प्लास्टिकमध्ये, तारखेनुसार. मग म्हणाले घर नंतर बघा, आधी गच्चीवर चला. गच्चीवर टाकीचं झाकण उघडून दाखवलं. पाणी दिवसाआड येतं, पहाटे येतं, एवढी टाकी दोन दिवस पुरते, पाहुणे आले तर पुरत नाही, असं तोंडावर सांगितलं. पाहुणे आले तर पुरत नाही हे ऐकल्यावर माझं घर ठरलं. जो माणूस विकताना हे सांगतो तो कागदात काही लपवत नसणार.

प्राधिकरणात एक भानगड मात्र आहे, ती माहीत असू दे. आम्ही घेतलं तेव्हा इथली जमीन ९९ वर्षांच्या लीजवर होती. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ चं, २०२१ मध्ये ते पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि पिंपरी-चिंचवड महापालिका यांच्यात वाटलं गेलं, त्यामुळं तुमच्या सेक्टरची फाईल कुठल्या ऑफिसला आहे, ट्रान्सफरची एनओसी कोण देणार, फी किती, हे टोकन द्यायच्या आधी विचारा. बँकेचा वकील ते मागतोच. आणि किंमत ५० लाख किंवा त्याच्या वर असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावचा आयकर) तुम्ही कापून भरायचा असतो, हे रिसेलला बरेच जण विसरतात.

तोटे विचाराल तर आहेत. लिफ्टचा विषय सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला निघतो आणि पहिल्या मजल्यावाल्यांपाशी अडतो. पार्किंग एकच. क्लब हाऊस नाही, त्यामुळं ऑफिसच्या लोकांना बोलवलं की त्यांना कळतच नाही बसायचं कुठं, मग घरातच बसतो. कोल्हापूरहून आई-बाबा आले की पुणे स्टेशनला लोणावळा लोकल पकडून आकुर्डीला उतरतात, तिथून रिक्षा. जिने मात्र त्यांना जड जातात, ते आज ना उद्या बघावं लागेल.

आता परवाच मावसभावाचा फोन आला, त्याला हिंजवडीत ऑफर आलीय, बायको नर्स आहे, सांगलीची नोकरी सोडून येणार, आणि त्यानं तीन फ्लॅट शॉर्टलिस्ट करून पाठवले, तिन्ही फेज तीनच्या रस्त्यावर. मी विचारलं तिला नोकरी कुठं लागतीय. म्हणाला ते बघू नंतर, हॉस्पिटलं काय कुठंपण असतात. म्हटलं बाबा, नाईट ड्युटी करून सकाळी आठला ती हिंजवडीकडं निघालेल्या सगळ्या ट्रॅफिकमधनं येणार आहे, तू नाही. आधी वर्षभर भाड्यानं राहा, अकरा महिन्यांचं ऍग्रीमेंट ऑनलाईन होतं, डिपॉझिट मी देते हवं तर. तिला पिंपरीत लागली तर पिंपरीकडं बघू, औंधला लागली तर सांगवी-पिंपळे बघू, पण पूररेषा बघूनच. तो जरा नाराज झाला, कारण एजंटनं त्याला सांगितलंय की गुढीपाडव्यानंतर रेट वाढणार आहेत. ते दर पाडव्याला सांगतात. बायकोला फोन दे म्हटलं, तिच्याशी बोलते.