ट्रम्पनचा गडगा

स्टाईन गाव मागे पडलं आणि रस्ता एका गाडीपुरताच उरला. समोरून कुणी आलं की बाजूची रुंद जागा बघून थांबायचं, हात करायचा, पुढे निघायचं. स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाच्या वॉटरनिश टोकावर ट्रम्पनचं जुनं चर्च आहे. चर्च म्हणजे आता पडक्या भिंती, आत गवत, भोवती थडगी, आणि खाली आर्डमोरचा उपसागर.

मे १५७८मधला रविवार. मॅक्लाऊड कुळातली माणसं आत प्रार्थनेला बसली होती. समुद्रापलीकडच्या उइस्ट बेटांवरचे मॅक्डॉनल्ड कुळातले लोक आठ होड्या घेऊन इथे उतरले, दार बाहेरून अडवलं आणि गवताच्या छपराला आग लावली. एक मुलगी तेवढी जबर जखमी होऊन खिडकीतून निसटली, असं सांगतात. मी आतून चालून पाहिलं. एवढीशी जागा आहे. धूर भरायला किती वेळ लागला असेल?

पण गोष्ट इथून सुरू होत नाही. आदल्या वर्षी मॅक्लाऊड एग बेटावर चालून गेले होते. तिथले मॅक्डॉनल्ड एका गुहेत लपले. तोंड इतकं अरुंद की रांगत जावं लागतं. बर्फातल्या पावलांनी जागा दाखवून दिली आणि गुहेच्या तोंडाशी जाळ पेटवला गेला. परंपरेने ३९५ माणसं गुदमरून गेल्याचं सांगितलं जातं. त्या धुराचं उत्तर या धुराने दिलं. हे कळल्यावर मला कुठल्याच कुळाची बाजू घेता येईना.

सकाळी डनव्हेगन किल्ल्यात आम्ही मॅक्लाऊडांचा 'परीचा झेंडा' पाहिला होता. काचेमागे जीर्ण, विटलेलं रेशीम. ट्रम्पनच्या लढाईत तो फडकवला म्हणून मॅक्लाऊड जिंकले, अशी कथा आहे. मला त्यापेक्षा ओहोटीचं कारण पटतं. माझं लहानपण रत्नागिरीच्या खाडीकाठी गेलं. पाणी उतरलं की होडी कुशीवर कलंडते, मग दहा जणांनी जोर लावला तरी हलत नाही. धूर बघून मॅक्लाऊड धावत आले तेव्हा उपसागरात हेच झालं होतं. होड्या कोरड्यात रुतलेल्या, मागे समुद्र दूर गेलेला. परतायला वाटच नव्हती. मॅक्डॉनल्ड किनाऱ्यावरच कापले गेले.

मग प्रेतं एका दगडी कुंपणाच्या कडेला ओळीने ठेवली आणि कुंपण त्यांच्यावर ढकललं. आमच्याकडे त्याला गडगा म्हणतात. म्हणून या लढाईचं नावच 'गडगा पाडल्याची लढाई' असं पडलं. जळणाऱ्या चर्चपेक्षा हीच गोष्ट मला जास्त छळत राहिली. गडगा दगडावर दगड बसवून रचतात, त्यात शेतकऱ्याचे कितीतरी दिवस जातात. आणि तो पाडायचा, तर यासाठी.

त्याच आवारात लेडी ग्रेंजचं थडगं आहे. १७३२मध्ये नवऱ्याने तिला एडिंबरातून पळवून नेलं, बेटांवर डांबून ठेवलं आणि १७४५मध्ये ती स्कायवरच वारली. तिच्या दगडावर नाव आहे. मी ते वाचलं, मग कठड्याशी येऊन खाली पाहिलं. पाणी उतरत होतं. पलीकडे, ढगांखाली, उइस्टची निळसर रेघ अगदी जवळ दिसत होती.