आमची वाटचाल : शिडाच्या कोपऱ्यातली कडी

शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला दोरी बांधण्यासाठी खलाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलाइन गाठ वापरत आले आहेत. ती सरकत नाही आणि ताण उतरल्यावर सहज सुटते. मात्र गाठीतल्या तीव्र वळणामुळे दोरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते. शिवाय बोट वाऱ्यातून वळवताना पुढच्या शिडाच्या दोन जाड गाठी डोलकाठीच्या तणाव्यांना अडकतात. या अडचणींवर तोडगा काढायचा म्हणून आम्ही कारखाना सुरू केला.

आमचे पहिले उत्पादन म्हणजे गाठीऐवजी दोरी शिडाला जोडणारी, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची खटक्याची कडी. ताण-चाचणीच्या यंत्रावर ती उत्तम ठरली, पण पाण्यावर गेल्यावर आमचे डोळे उघडले. वाऱ्यात फडफडणाऱ्या शिडाच्या टोकाला पोलादी कडी म्हणजे दोरीला बांधलेली हातोडीच. एका ग्राहकाच्या डोलकाठीला तिने पोचे पाडले, आणि एकदा तर दुसरी दोरी खटक्याला अडकून कडी भर ताणात उघडली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दोष आमच्याच आरेखनाचा होता, कारण आम्ही ताकद मोजली होती, फडफड मोजलीच नव्हती.

मग आम्ही डायनीमाच्या, म्हणजे अतिशय मजबूत पॉलिथिलीनच्या तंतूंकडे वळलो. त्यांची घनता पाण्याच्या सुमारे ०.९७ पट, म्हणजे पोलादाच्या आठव्या हिश्श्याइतकी. हा दोर पाण्यावर तरंगतो. कडीच्या जागी वापरायचा त्याचा मऊ फास कोणाला लागत नाही, पण त्याची टोकाची गाठ ओल्या, गारठलेल्या बोटांनी सोडवणे हे दिव्यच. म्हणून गाठीच्या जागी आम्ही अॅल्युमिनियमची गुंडी बसवली. त्या गुंडीच्या कडांनी आमचे सर्वाधिक दिवस खाल्ले: हा तंतू धारदार कडेवर कापला जातो, आणि १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळत असल्यामुळे घर्षणाच्या उष्णतेनेही खराब होतो. प्रत्येक कड गोलसर, गुळगुळीत केली. गुंडीत स्टीलची पिन मात्र मुद्दाम टाळली. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम कुरतडले जाते.

आता मागणी आली की आम्ही आधी शिडाच्या कोपऱ्यातल्या रिंगचे छायाचित्र आणि आतला व्यास मागवतो, कारण तिची कड खरखरीत असेल तर आमचा फास टिकणार नाही. लहान बोटीच्या मालकाला तर आम्ही बोलाइनच पुरेशी असल्याचे सांगतो, आणि त्यामुळे विक्री थोडी बुडते. सध्या फासावरचे वेष्टन झिजताच आतला वेगळा रंग दिसावा, अशी वीण तपासत आहोत.