तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीवर सॅक असताना पिस्तूल कुठे बांधायचं?

विचारणारे बहुतेक अमेरिकेत डेन्व्हर, सिअ‍ॅटल, बोझमनकडे स्थिरावलेले आपलेच लोक असतात. सह्याद्रीत पाय तयार झालेले, आता एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना काढलेले, किंवा माँटाना, वायोमिंग, अलास्काच्या अस्वलांच्या मुलखात आठवडाभर भटकायचं ठरवलेले. प्रश्न ठरलेला: "पिस्तूल घेतलंय, पण दिवसभर टोचणार नाही असं होल्स्टर कुठलं घ्यावं?"

पिस्तूल राहू द्या बाजूला, आधी सॅक आणा. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, सॅकच्या पट्ट्यांकडे बघून ठरतं. आणि टोचत नाही म्हणजे मऊ आहे, असंही नाही. संध्याकाळपर्यंत जे उतरवून ठेवावंसं वाटत नाही, ते आरामदायी. कारण उतरवून ठेवलेलं पिस्तूल गरजेच्या वेळी दहा पावलांवर असतं, आणि ग्रिझ्ली अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं. म्हणजे सेकंदाला साधारण पंधरा मीटर.

कमरेचं होल्स्टर शूटिंग रेंजवर झकास वाटतं. पण मोठ्या सॅकचा कमरपट्टा चांगला चार बोटं रुंद असतो, तो कमरेच्या हाडावरच बसतो आणि बहुतेक ओझं तोच पेलतो. तिथेच होल्स्टर असेल तर दोनच गोष्टी होतात. पट्टा होल्स्टरवर आला तर कायडेक्सची, म्हणजे ताठ प्लॅस्टिकची, कड हाडात रुतते, मग माणूस पट्टा सैल करतो आणि सगळं ओझं खांद्यांवर जातं. पट्टा होल्स्टरच्या वर सरकवला तर पिस्तुलाची मूठ त्याच्या गादीखाली अडकते आणि उपसताच येत नाही. पँटच्या आत खोचायचं शहरी होल्स्टर इथे घामाने आणि घर्षणाने दुपारपर्यंत कातडी सोलतं. मांडीला बांधायचं होल्स्टर दिसायला रुबाबदार, पण १० मिलिमीटरचं भरलेलं ग्लॉक २० पिस्तूल एक किलोच्या वर भरतं; चढावर दर पावलाला तेवढं वजन पायाने उचलायचं.

सॅकच्या कमरपट्ट्यालाच होल्स्टर अडकवण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. चालताना ती खरंच बरी वाटते. पण एल्क पडल्यावर काय होतं बघा. सॅक उतरवून झाडाला टेकवलेली, तुम्ही वाकून आतडी काढताय, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, आणि त्या वासाचं आमंत्रण वाऱ्यावर गेलेलं. शिकाऱ्याला पिस्तूल अंगावर हवं असतं ते याच अर्ध्या-पाऊण तासात, आणि नेमकं तेव्हाच ते सॅकबरोबर झाडाशी पडलेलं असतं. पिस्तूल अंगावर हवं, सामानावर नको.

म्हणून उत्तर बहुतेक वेळा छातीवरच्या होल्स्टरकडे येऊन थांबतं. अलास्कातले वाटाडे ते वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. होल्स्टर छातीवर तिरपं बसतं. उजव्या हाताच्या माणसासाठी मूठ उजवीकडे वर आणि नळी डावीकडे खाली. एक पट्टा खांद्यावरून, एक छातीभोवती. घळीत उतरलात, ओढा ओलांडलात, घोड्यावर किंवा गाडीत बसलात, तरी ते जागचं हलत नाही. चांगलं घ्यायचं तर साधारण १५० ते २५० डॉलर मोजावे लागतात.

पण ते अंगाला बसवायला एक अख्खी संध्याकाळ द्या. पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. शिकारीला घालणार तेच जाड कपडे घाला आणि मग पट्टे आवळा. आता उकिडवे बसा. गुडघा होल्स्टरच्या खालच्या टोकाला लागला तर ते बोटभर वर घ्या. मग बारा-पंधरा किलो भरलेली सॅक चढवा. होल्स्टर आधी आणि सॅक त्यावरून, हाच क्रम. सॅकचा छातीवरचा आडवा पट्टा मुठीला न लागता, तिच्या वरच्या बाजूने गेला पाहिजे. मुठीवरून गेला तर तो वर सरकवा. दुर्बिणीची छातीपिशवी वापरत असाल तर ती वर, होल्स्टर खाली. होल्स्टरच्या खांदापट्ट्याचं बक्कल सॅकच्या पट्ट्याखाली येता कामा नये. दुकानात ते जाणवत नाही, पण दोन तासांच्या चालीनंतर तिथे रुपयाएवढा लाल वळ उठतो. बक्कल पुढे किंवा काखेकडे सरकवता येत नसेल तर ते होल्स्टर तुमच्यासाठी नाही. रायफलचा दस्ता ज्या खांद्यावर टेकवता तिथेही बक्कल नको.

सॅक चढवलेली असतानाच रिकामं पिस्तूल वीसेक वेळा उपसून बघा, निम्म्या वेळा हातमोजे घालून. मग सॅक उतरवा, आणि इथे जवळून लक्ष द्या. उजव्या खांद्यावरून पट्टा निसटताना तो मुठीला घासत जातो, आणि पिस्तूल जागेवर धरणाऱ्या, अंगठ्याने उघडायच्या वादीचं बटण त्या झटक्यात टक् करून उघडतं. तुम्हाला पत्ताही लागत नाही. पुढच्या उतारावर पाय घसरला की पिस्तूल खडकावर. वादीचं बटण अंगठा शरीराकडे दाबल्यावर उघडणारं हवं, बाहेरून ओढल्यावर सुटणारं नको. सॅक उतरवली की हात आपोआप त्या बटणावर गेला पाहिजे, ही सवय लावून घ्या.

पट्ट्यांची लांबी दोन ठिकाणी खूण करून ठेवा: एक नुसत्या शर्टावर, एक पावसाळी जॅकेटवर. जॅकेट होल्स्टरच्या वरून घालून चेन ओढलीत तर पिस्तूल हाताला येत नाहीच, शिवाय उघडं बाळगलेलं शस्त्र कायद्याच्या नजरेत लपवलेलं ठरतं. अलास्कात त्याने बिघडत नाही. कोलोरॅडोत त्याला परवाना लागतो.

आता नळीचं. छातीवरच्या होल्स्टरची खरी उणीव हीच, आणि विकणारे ती सांगत नाहीत. बसल्यावर नळी तुमच्या डाव्या मांडीच्या दिशेने असते, उपसताना ती डाव्या हातावरून जाऊ शकते आणि डावीकडे उभ्या सोबत्यावरूनही. उपसण्याआधी डावा हात गळपट्टीपाशी छातीला चिकटवायचा, मगच उजवा हात मुठीवर. नळी पूर्ण समोर वळेपर्यंत बोट चापावर नाही. परत ठेवताना घाई नको. मान खाली घालून, बघून ठेवा. जॅकेटच्या नाडीच्या टोकाचं प्लॅस्टिकचं बोंडूक चापाच्या कड्यात शिरतं, पिस्तूल खाली दाबलं की तेच बोट बनून चाप ओढतं. नाड्या आत खोचा, नाहीतर बोंडकं कापूनच टाका.

त्यासाठीच होल्स्टरने चापाचं कडं पूर्ण झाकलं पाहिजे, आणि पिस्तूल बाहेर काढल्यावरही तोंड उघडं, ताठ राहिलं पाहिजे. स्वस्त नायलॉनची होल्स्टरं इथेच नापास होतात. तोंड मिटतं, पाणी धरतं, वर्षभरात पिशवी होते. त्यावर "सर्व पिस्तुलांना चालेल" असं लिहिलेलं असतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे. कुठल्याही तलवारीला चालणारं म्यान मात्र लोक हौसेने विकत घेतात. होल्स्टर नेमक्या मॉडेलचं घ्या. पिस्तुलावर टॉर्च किंवा रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) असेल तर त्यांच्यासकट मापाचं घ्या.

मग राहतात चामडं आणि कायडेक्स. कायडेक्स म्हणजे तापवून साच्यात दाबलेलं ताठ प्लॅस्टिक. पावसाचं त्याला काही नाही, पाण्याखाली धरलं की धुतलं जातं. पण आत वाळू अडकली तर पिस्तुलाचा मुलामा ओरखडतो, झुडपाला घासलं की आवाज होतो, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तर आकार बिघडू शकतो. पकड कमीजास्त करायचे स्क्रू चालण्याच्या हादऱ्यांनी सैल होतात. पकड हवी तशी जमली की निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब टाका. परीक्षा सोपी आहे: रिकामं पिस्तूल घाला, गादीवर उलटं धरा, हलवा. पडलं तर अजून आवळा.

चामडं शांत असतं, अंगाला धरून बसतं. तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं, झाडांच्या सालींनी कमावलेलं घ्या. नवं असताना ते घट्ट असतं. पिस्तूल पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवलं की जागा करून देतं. तेलात मात्र बुडवू नका, मग ते लोळागोळा होतं. भिजलं तर तंबूत टांगून सावकाश वाळवा. शेकोटीपाशी धरलंत तर आक्रसून तडकतं. आणि घरी आल्यावर पिस्तूल चामड्यात ठेवू नका. ओल धरून राहते आणि नेमकी छातीकडची बाजू आधी गंजते. रोज रात्री फडक्याला दोन थेंब तेल लावून ती बाजू पुसा, कायडेक्स असलं तरी.

घोड्यावरून शिकार करणाऱ्याला सॅक नसते. त्याला ताठ, दीड इंची कमरपट्ट्यावरचं, विरुद्ध हाताच्या बाजूचं आडवं होल्स्टर छान चालतं. साडेसात इंची नळीचं, दुर्बीण लावलेलं रिव्हॉल्व्हर दीड किलोच्या पुढे जातं. ते रुंद खांदापट्ट्याच्या खास होल्स्टरमध्येच न्यावं. जुन्या धाटणीचं सिंगल अ‍ॅक्शन असेल, म्हणजे १९७३ पूर्वीच्या रुगर रिव्हॉल्व्हरसारखं, तर रिव्हॉल्व्हरच्या घोड्याखालचं (हॅमरखालचं) काडतुसाचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरा.

होल्स्टर घेतलंत म्हणून अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे घरी ठेवू नका. तो कमरपट्ट्यावर, डाव्या हाताला सापडेल असा. सॅकच्या बाजूच्या खिशात कोंबलेला स्प्रे नसल्यासारखाच. विमानात तो कुठल्याच सामानात चालत नाही, पोचल्यावर विकत घ्यावा लागतो. पिस्तूल मात्र रिकामं, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानात जातं.

नॅशनल पार्कमध्ये २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र बाळगता येतं, पण व्हिजिटर सेंटरच्या इमारतीत नाही. म्हणून पिस्तूल बाहेर न काढता अख्खा पट्टा उतरवून गाडीत कुलपात ठेवता येईल असं होल्स्टर बघा. काही राज्यांत धनुष्यबाणाच्या हंगामात कमरेला पिस्तूल चालत नाही. त्या वर्षीचे नियम वाचून निघा.

आणि व्हिसा. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही. एच-१बी, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावरच्या माणसाने शस्त्र जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू शिकार परवाना. पुण्याहून आलेल्या मेहुण्याच्या गळ्यात "फोटोपुरतं घाल रे" म्हणून भरलं होल्स्टर अडकवू नका. फोटोच हवा असेल तर हातात स्प्रेचं नळकांडं द्या, सुरक्षेची क्लिप लावलेलं.