बाटलीची मागची बाजू

बाबांच्या पंच्याहत्तरीला मी इथे सिनसिनाटीत बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची एक महागडी बाटली आणली. पुढच्या लेबलवर पणजोबांची रेसिपी, जुन्या गोदामाचं चित्र, हाताने लिहिल्यासारखा बॅच नंबर. बाबांनी चष्मा लावून मागची बाजू वाचली. "अरे, यात इंडियाना कुठून आलं?" अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'डिस्टिल्ड इन इंडियाना'.

इंडियानातलं लॉरेन्सबर्ग आमच्यापासून जवळच. पूर्वी सीग्रामची असलेली अवाढव्य डिस्टिलरी तिथे आहे. कितीतरी ब्रँड तिथली व्हिस्की विकत घेऊन स्वतःच्या नावाने विकतात. माल चांगला असतो; तिथली 95 टक्के राय या धान्याची व्हिस्की तर नावाजलेली. शिवाय बर्बन केंटकीतच व्हावी असा कायदा नाही. अमेरिकेत कुठेही बनवा. धान्यात मका किमान 51 टक्के आणि ओकचं पिंप नवं, आतून जाळलेलं हवं. मग लपवायचं कशाला? मला राग आहे तो त्या उसन्या पणजोबांचा.

आता मी आधी बाटली फिरवून 'डिस्टिल्ड बाय' शोधतो. नुसत्या 'बॉटल्ड बाय'वरून दारू कुणी गाळली ते कळत नाही. सगळ्यात भरवसा लेबलवरच्या 'बॉटल्ड इन बाँड' या शब्दांवर: 1897चा कायदा, एकच डिस्टिलरी, गाळण्याचा एकच हंगाम, किमान 4 वर्षं पिंपात, 50 टक्के अल्कोहोल, आणि गाळणाऱ्या डिस्टिलरीची ओळख लेबलवर सक्तीची.

शनिवारी बाबांना लॉरेन्सबर्गला नेलं. त्या जुन्या लाल विटांच्या इमारतींसमोर त्यांनी गाडीची काच खाली केली आणि बराच वेळ बघत बसले.