रांगेतलं नागपूर

आज एका दाखल्यासाठी अडीच तास रांगेत. पुढचे आजोबा म्हणाले, "काहून घाई करता भाऊ? या नागपुरानं किती राज्यं पाहिली!" खरंच की. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेलं शहर, मग भोसले. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले अन् डलहौसीनं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी, पुढे मध्य प्रदेशची, १९५६ मध्ये तीही गेली. तेव्हा सत्ता बदलायला मरण नाहीतर लढाई लागायची, आता मतदान. प्राचीन अथेन्सवाले तर बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत! (आमच्या खिडकीलाही चाललं असतं.) माझा नंबर आला अन् पाटी लागली: जेवणाची सुट्टी. आजोबांनी डबा उघडून अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.