रोमच्या उन्हाळ्यात लॅटिन शिकताना

जून-जुलैत रोमला जाऊन लॅटिन शिकायचं, ही रीत रुळवली ती मुख्यतः रेजिनाल्ड फॉस्टर या अमेरिकन पाद्र्याने. व्हॅटिकनच्या लॅटिन कचेरीत चाळीस वर्षं काम केलेले फॉस्टर १९८५पासून उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा वर्ग घेत, तोही फुकट. संध्याकाळी मठाच्या बागेत झाडांखाली वाचन चाले. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांनी लॅटिन-ग्रीक शिकवणारी पैदेइया इन्स्टिट्यूट काढली. व्याकरण वर्गात, मजकूर मात्र तो ज्या ठिकाणचा त्या जागेवर जाऊन वाचायचा, हा परिपाठ कायम राहिला.

दिवस उन्हावर बेतलेला असतो. सकाळी नऊच्या आत वर्ग किंवा एखादं ठिकाण, दुपारी एक ते चार घरात, मग पुन्हा वाचन. जुलैत पारा सहज ३५च्या घरात जातो आणि फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, सावली फारशी नाही, त्यामुळे टोपी आणि बाटली हवीच. पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे ओतीव लोखंडाचे नळ अखंड वाहत असतात. खालचं तोंड बोटाने दाबलं की नळीच्या वरच्या भोकातून धार उडते, थेट तोंडात घेता येते. चर्चमधले लेख वाचायचे असतील त्या दिवशी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर दारातूनच परत.

खरा वेळ जातो तो आदल्या संध्याकाळी. उद्याच्या तीसेक ओळींना दोन तास धरा. आधी सगळा उतारा मोठ्याने वाचायचा. मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधून त्याच्या प्रत्ययावरून कर्ता ठरवायचा, नंतर नामांच्या विभक्ती लावायच्या. शब्दकोश सगळ्यात शेवटी. बहुतेकजण उलटं करतात: कोश उघडून ओळींच्या मधे पेन्सिलीने इंग्रजी अर्थ लिहितात. दुसऱ्या दिवशी डोळे त्या पेन्सिलीवरच खिळतात. शिक्षकांनी ‘याचं अनेकवचन करा’ म्हटलं की गाडी अडते, आणि फॉस्टर यांच्या पठडीतले शिक्षक हे विचारणारच.

शाळेत संस्कृत केलेल्यांना सुरुवात सोपी जाते. लॅटिनमध्ये संबोधन धरून विभक्ती सहाच, द्विवचन नाही. पण तृतीयेचं आणि सप्तमीचं बरंचसं काम पंचमीच उरकते, त्यामुळे अर्थ संदर्भावरूनच काढावा लागतो. शिवाय रूपं एकमेकांत मिसळतात. ‘पुएल्लाए’ म्हणजे मुलीचा, मुलीला की मुली? ‘रामः रामौ रामाः’च्या चालीवर तक्ते घोकणारे नेमके इथे अडखळतात.

बोलण्याचे तास असतील तर तीन वाक्यं पाठ करून जा: ‘नोन इन्तेल्लेगो’ (समजलं नाही), ‘रेपेते, क्वाएसो’ (पुन्हा सांगा ना), ‘क्वोमोदो लातीने दीकितुर’ (लॅटिनमध्ये काय म्हणतात). उच्चारांचा घोळ असतोच. सिसेरो या रोमन वक्त्याच्या नावालाच इटालियन मुलं चर्चच्या वळणाने ‘चिचेरो’ म्हणतात, बाकीचे बरेचजण ‘किकेरो’. एक पद्धत धरा आणि दुसरी ऐकायची सवय ठेवा.

शिलालेखांची सुरुवात पँथिऑन या प्राचीन मंदिरापासून करावी. कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: लुकियुसचा मुलगा मार्कुस अग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना, याने हे बांधलं. ‘मुलगा’साठी फक्त ‘एफ’, ‘कॉन्सुल’साठी ‘सी-ओ-एस’. संक्षेप उलगडले की निम्मं काम झालं. गंमत अशी की लेख अग्रिप्पाचा असला तरी आजची इमारत नंतरच्या हेड्रियन बादशहाच्या काळातली आहे.

शाकाहाऱ्यांनी जरा जपून. कार्बोनारा, आमात्रिचाना, ग्रीचा या तिन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतं. ‘काचो ए पेपे’ या चीज-मिऱ्याच्या पास्त्यात ते नसतं, पण त्यातल्या पेकोरिनो चीजसाठी दूध गोठवायला कोकराच्या पोटातलं रेनेट लागतं. भोपळ्याच्या फुलांची भजी पाहून हुरळू नका, आत बहुधा अँचोव्ही मासा निघतो. बिनघोर म्हणजे पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही. तुकड्यांचा पिझ्झा वजनावर मिळतो; ‘उन एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅम.

ओस्तिया आंतिकाची, म्हणजे रोमच्या प्राचीन बंदराच्या अवशेषांची, सहल चुकवू नका. पिरामिदे मेट्रोशेजारच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून गाडी सुटते, अर्धा तास लागतो, शहराचंच तिकीट चालतं. कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारायला विसरलात तर दंड. गाडीआधी समोरच्या पिरॅमिडवरचा, म्हणजे केस्तियुस या रोमनाच्या थडग्यावरचा, लेख वाचून घ्या: मृत्युपत्रानुसार काम ३३० दिवसांत पुरं केलं, असं त्यावर कोरलंय. ओस्तियात व्यापाऱ्यांच्या चौकातली मोझेक नवशिक्यांसाठी उत्तम, कारण मजकूर दोन-चार शब्दांचाच. उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांच्या जागेवर ‘साब्राथाकरांची कचेरी’ असा मजकूर आणि खाली हत्ती आहे. तिथे षष्ठीचं अनेकवचन ओळखता आलं की पुढच्या जागेकडे सरकायचं.