आवरण आणि आतला तंतू

वडगावच्या पॉवरलूमवर आयुष्य काढलेला माझा आतेभाऊ पूर्वी ताण्याचा तुटलेला धागा चिमटीत धरून, त्याकडे न बघताच गाठ मारत असे. आता त्याच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खोल गेला आहे. चालताना चप्पल निसटते आणि ती मागे राहिल्याचे त्याला चार पावले गेल्यावर कळते. बेळगावात मज्जातंतूंची तपासणी झाली, नंतर जनुकीय चाचणीही झाली आणि शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराचा '१-अ' हा प्रकार निश्चित झाला. "संदेश हळू जातो म्हणतात, मग हातातली ताकद का जाते?" असे त्याने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मी मज्जातंतूवरच्या मायेलिन या आवरणाला वायरवरच्या प्लॅस्टिकची उपमा देत आलो आहे आणि त्या उपमेत या प्रश्नाचे उत्तर नाही.

उत्तर सापडले ते 'ट्रेंबलर' नावाच्या उंदरांत. अंगाला कंप असलेल्या या उत्परिवर्तित उंदरांचे वर्णन १९५१ साली झाले आणि त्यांचा दोष पीएमपी-२२ या जनुकात असल्याचे १९९२ मध्ये कळले. हे जनुक श्वान पेशींच्या (श्वान हे शास्त्रज्ञाचे नाव; या पेशी नसांतील मायेलिन बनवतात) मायेलिनमधील एका प्रथिनाचे आहे. माझ्या भावाच्या आजारात याच जनुकाची एक प्रत जास्तीची असते. उंदरात प्रत जास्तीची नसून एक अक्षर बदललेले असते, पण दोन्हीकडे बिघाड श्वान पेशीतच आहे. निरोगी नसेत प्रत्येक श्वान पेशी अक्षतंतूच्या, म्हणजे मज्जापेशीपासून निघून संदेश नेणाऱ्या लांब तंतूच्या, एकेका तुकड्याभोवती पापुद्र्यांसारखी गुंडाळली जाते. ट्रेंबलरमध्ये हे वेटोळे पातळ राहते किंवा बनतच नाही.

खरा प्रश्न आतल्या तंतूचा होता. या उंदरांचे अक्षतंतू बारीक असतात, त्यांतील न्यूरोफिलामेंट नावाचे सूक्ष्म धागे एकमेकांना खेटून दाटलेले असतात आणि पेशीकडून टोकाकडे जाणारी प्रथिनांची संथ वाहतूक आणखी मंदावलेली असते. हा दोष तंतूचा स्वतःचा की आवरणाने लादलेला, हे ठरवण्यासाठी संशोधकांनी ट्रेंबलरच्या नसेचा छोटा तुकडा निरोगी उंदराच्या मांडीतील नसेत जोडला. कापलेले निरोगी तंतू पुन्हा वाढून त्या तुकड्यातून पलीकडे गेले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, एकच तंतू जोडाच्या अलीकडे जाड होता, रोगट श्वान पेशींच्या टापूत बारीक होता आणि पलीकडे निरोगी पेशी भेटताच पुन्हा जाड झाला होता. न्यूरोफिलामेंटवर फॉस्फेटचे गट बसले की ते एकमेकांपासून दूर राहतात आणि तंतू रुंद होतो. रोगट टापूत नेमके हे फॉस्फेट कमी पडले होते. हा प्रयोग मला अतिशय सुंदर वाटतो, कारण तंतू तोच, पेशीचे केंद्रक तेच, बदलला तो फक्त शेजार.

म्हणजे श्वान पेशी तंतूला नुसती झाकत नाही, तर त्याची जाडी किती असावी आणि त्याच्या आतली वाहतूक कशी चालावी हेही जागोजागी ठरवते. माणसातही या आजारात संदेशांचा वेग लहानपणापासूनच मंद असतो, तरी शक्ती बरीच उशिरा जाते. ती जाते तेव्हा लांब अक्षतंतू टोकाकडून झडू लागलेले असतात आणि म्हणूनच आधी पावले, मग हात दुबळे होतात.

हे सारे मी भावाला त्याच्या मागाजवळ बसून, ताण्याच्या धाग्यावर कागदाची सुरळी चढवून समजावले. त्याने सुरळी हातात घेतली, बराच वेळ फिरवून पाहिली आणि मग मुलीला हाक मारून माझ्यासमोर अनवाणी उभे केले. तिच्या पावलांची कमान बापासारखीच उंच आहे. अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, हे मी त्याला त्या दिवशी स्पष्ट सांगितले. तिची तपासणी मे महिन्याच्या सुट्टीत करायची ठरले आहे.